हंगामी

'हंगाम' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीने त्याला दोन कामांना जुंपलं. उसाचा हंगाम, आंब्याचा हंगाम, लग्नाचा हंगाम म्हणताना तो काळ सांगतो. 'हंगामी' म्हटलं की अर्थ सरकतो. हंगामी अध्यक्ष, हंगामी नोकर म्हणजे तात्पुरता, उद्या नसला तरी चालेल असा. कन्नडनेही हा शब्द घेतला आणि तिथेही 'हंगामी' म्हणजे तात्पुरताच. फ्रेंच कायद्यातली हंगामी कामाची व्याख्या मात्र दुसऱ्या टोकाने सुरू होते. जे काम दरवर्षी, साधारण ठरलेल्या सुमारास, ऋतूंच्या किंवा लोकांच्या राहणीच्या चक्राप्रमाणे पुन्हा येतं, ते हंगामी. आपल्या शब्दाचा भर निघून जाण्यावर आहे, त्यांच्या व्याख्येचा पुन्हा येण्यावर.

मला फ्रेंच येत नाही. ही व्याख्या मला कळली ती भाचीमुळे. माझ्या भावाची मुलगी नवऱ्याबरोबर ब्रिटनी प्रांतातल्या एका समुद्रकाठच्या गावी राहते. दोघांचं मिळून क्रेपचं छोटं दुकान आहे. गव्हाच्या पिठाचे गोड क्रेप, कुट्टूच्या पिठाचे मिठाचे गालेत. आपल्या घावनाचीच भावंडं म्हणायची. गाव हिवाळ्यात झोपलेलं असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये माणसांनी फुटायला येतं. त्या दोन महिन्यांत दोघांचे चार हात पुरत नाहीत. मी तीस वर्षं हिशेबखात्यात काढली आणि निवृत्त झाल्यावरही आकड्यांची खाज गेली नाही, हे तिला ठाऊक आहे. २०२५च्या वसंतात तिने एक तक्ता पाठवून विचारलं, "आत्या, दोन महिने अर्धवेळ माणूस ठेवलं तर मला नेमकं किती पडेल, ते नीट मांडून देशील?"

हिशेब विजयनगर सेकंड स्टेजमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर झाला. विजयनगर म्हटलं की मराठी वाचकाला हंपी आठवते, म्हणून सांगते, हे विजयनगर म्हणजे म्हैसूरच्या वायव्येची वसाहत. स्टेजांत कापलेली, सरळ रस्त्यांची, निवृत्त माणसांची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि इथलीच झाले.

तर तक्ता. फ्रान्समध्ये किमान वेतनाला 'स्मिक' म्हणतात. त्या वर्षी तो दर तासाला ११.८८ युरो होता. अर्धवेळ म्हटलं तरी आठवड्याला २४ तासांहून कमीचा करार सहसा करता येत नाही. विद्यार्थ्यांसारखे काही अपवाद आहेत. आठ आठवडे, आठवड्याला २४ तास, म्हणजे १९२ तास. त्याचे झाले २,२८०.९६ युरो. आता पुढची ओळ. करार संपताना रजेपोटी दहा टक्के. कामाच्या दोन महिन्यांत तिला रजा घेता आली नाही, तर त्या रजेचे पैसे तिच्याबरोबर निघतात. २२८.१० युरो. एकूण २,५०९.०६.

ही झाली कागदावरची मजुरी. यातून कामगाराचा हिस्सा कापला जातो आणि हातात साधारण चार पंचमांश पडतात. मालकाचा हिस्सा वेगळा. आजारपण, म्हातारपण, बेकारी, अपघात, अशा नावांनी तो ओळीने मांडलेला असतो. कमी पगारावर सरकार त्यात मोठी सूट देतं, म्हणून किमान वेतनाच्या आसपास हा बोजा बराच हलका होतो. सूट नसती तर भाचीने तक्ता पाठवलाच नसता. शिवाय कामाच्या वेळेतलं जेवण मालकाचं, किंवा त्याचा मोबदला. आणि सगळ्याच्या आधी एक अट आहे. माणूस कामावर उभं राहण्यापूर्वी 'युर्साफ' या वसुली करणाऱ्या संस्थेला कळवायचं. आधी कळवायचं, नंतर नाही. न कळवता माणूस राबवला तर तो लपवलेल्या कामाचा गुन्हा होतो, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५,००० युरोपर्यंत दंड आहे. छोट्या मालकांसाठी त्याच संस्थेची सोयही आहे. तास भरले की पगारपत्रक तयार होऊन येतं.

भाचीचा साधा क्रेप साडेतीन युरोला जातो. नुसत्या त्या अडीच हजारांसाठी तिला ७१७ क्रेप विकावे लागणार. पीठ, लोणी, वीज, भाडं त्याच्या वर. मी तिला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ती पोरगी येण्याआधीच मी सातशे क्रेपांनी मागे." तिच्या बोलण्यात तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. ती आणि तिचा नवरा जुलैत रोज चौदा तास उभे असतात. त्या चौदा तासांसाठी तक्त्यात ओळच नाही. धाकटा मालक आपले स्वतःचे तास फुकट धरतो म्हणून दुकान चालतं, हे जगभर सारखंच असावं.

पण हिशेबनिसाची नजर वेगळी असते. मला त्या तक्त्यात एक-एक ओळ म्हणजे कुणीतरी कधीतरी मिळवलेला एक-एक दिवस दिसत होता. रजेचीच ओळ घ्या. १९३६ सालच्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये संपांची लाट आली, कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले, आणि त्यातून वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजेचा कायदा झाला. मजूर माणसं रजा घेऊन समुद्रावर जाऊ लागली. आज भाचीच्या दुकानासमोर रांग लागते ती त्या रजेमुळेच. जी ओळ तिला महाग पडते तिनेच तिचं गिऱ्हाईक घडवलेलं आहे. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "आत्या, तू माझ्या बाजूची की तिच्या?"

हा प्रश्न मला सोपा नव्हता, कारण मीही मालकीण आहे.

निवृत्तीनंतर मी दिवाळीच्या फराळाचं काम सुरू केलं. म्हैसुरात मराठी घरं बरीच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेली आणि नोकरीनिमित्त आलेली. भाजणीची चकली, अनारसे, ओल्या नारळाची नव्हे तर सुक्या सारणाची करंजी, पातळ पोह्यांचा चिवडा. अशी चव दुकानात मिळत नाही म्हणून लोक सांगून ठेवतात. सप्टेंबरच्या मध्यापासून तीस दिवस कामाचे, सुमारे तीनशे किलो माल. एकटीचं काम नाही. दोघी बाया येतात. थोरली नंजनगूडहून बसने येते, धाकटी जवळच्या हिनकलहून चालत. थोरलीला मी अक्का म्हणते, त्या दोघी मला अम्मा म्हणतात. त्यांना शिकवायला फारसं लागलं नाही. आपली करंजी त्यांची करजिकाई, चकली चक्कुली, अनारसा हा कज्जायचा भाऊ. तीन दिवस भिजवलेला तांदूळ, रोज बदललेलं पाणी, गुळात मळून मुरवलेलं पीठ, हे अक्काला माझ्याआधीपासून येत होतं. फक्त खसखशीवर थापायचं तेवढं तिने आमच्याकडे पाहिलं.

त्यांचा तक्ता मांडायला एक मिनिट पुरतं. रोजचे साडेसहाशे, तीस दिवस, दोघी. एकोणचाळीस हजार. दुपारचं जेवण आमच्याकडे. संपलं.

अक्काचा बसखर्च शून्य आहे, कारण ११ जून २०२३पासून कर्नाटकातल्या बायांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. 'शक्ती' योजना. तो खर्च मी देत नाही, अक्काही देत नाही, राज्य देतं. बाकी ओळी रिकाम्याच. कामगार विमा योजना दहा माणसांपासून पुढे लागू होते, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस वीसपासून पुढे. आमच्या स्वयंपाकघरात माझ्यासकट तिघी. कायद्याच्या जाळ्याची भोकं एवढी मोठी आहेत की आमच्यासारखे मासे त्यातून सहज पोहत बाहेर पडतात. अक्काकडे प्लास्टिकमध्ये जपलेलं ई-श्रम कार्ड आहे. २०२१ साली असंघटित कामगारांची देशभर नोंद सुरू झाली, त्यातलं. त्यावर तिचं नाव आहे, क्रमांक आहे. माझं नाव त्यावर कुठेच नाही.

म्हणजे दोन्ही स्वयंपाकघरांत काम एकच, तव्यासमोर किंवा कढईसमोर उभं राहण्याचं. एकीकडे कागदाला दहा ओळी, दुसरीकडे एक. पण न लिहिलेल्या ओळींचा खर्च नाहीसा होत नाही. आजारपण तिथेही येतं, इथेही येतं. तिथे ते ओळीवर लिहिलेलं असतं. इथे ते अक्का नंजनगूडला घेऊन जाते.

हे मला २०२४च्या दिवाळीनंतर दिसलं. अक्काचं उजवं मनगट सुजलं. सोऱ्या दाबून दाबून मनगटं जातात, हे फराळ करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. दिवाळी संपली होती, हिशेब चुकता झाला होता, दोघी साड्या घेऊन गेल्या होत्या. माझ्या वहीत हंगाम बंद. अक्काच्या वर्षात मात्र पुढचं काम उभं होतं. आमच्या विजयनगरला लागून गोकुलम आहे. पट्टाभि जोईस यांच्या अष्टांग योगामुळे तिथे थंडीच्या महिन्यांत परदेशी माणसं येऊन राहतात, आणि त्यांच्या घरांत, खाणावळींत बायांना काम मिळतं. त्यात फ्रेंचही असतात. ब्रिटनीत हंगाम संपतो तेव्हा गोकुलममध्ये सुरू होतो, असं म्हटलं तरी चालेल. तिथलं तिचं दीड महिन्याचं काम मनगटापायी गेलं. मला ते जानेवारीत कळलं, तेही धाकटीकडून. अक्काने काही मागितलं नव्हतं. मागायची जागाच आमच्या व्यवहारात नव्हती.

तक्ता करताना हे मनगट माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून २०२५च्या ऑगस्टमध्ये दोघी कामाचं ठरवायला आल्या तेव्हा मी सांगितलं, या वर्षापासून हंगाम संपला की मजुरीवर दहा टक्के जास्त. रजेचे. एकेकीला १,९५० रुपये. भाचीच्या गावी असं असतं, तेही सांगितलं.

धाकटी खूश झाली. अक्का मात्र गप्प बसली आणि मग म्हणाली, "अम्मा, ते नंतरचे राहू दे. मला आधी दहा हजार दे. कामातून कापून घे."

मी बीड जिल्ह्यातली. 'आधी दे, कामातून कापून घे' हे वाक्य माझ्या कानावर पडलं की मला एकच शब्द ऐकू येतो: उचल.

माझे वडील पाटोदा तालुक्यात शिक्षक होते. दसरा झाला की त्यांच्या हजेरीपटात भोकं पडायला लागायची. दिवाळीनंतर वर्ग अर्धा. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरंही गाडीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसं, चार हात, हिशेबात एक नग. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन उचल देऊन जायचा, कारण पावसाळ्यात घरात काही नसतं, हे त्याला माहीत असायचं. मग ती उचल फेडायला कारखान्यावर जायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकात. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जायचे. म्हणजे ज्या दिवसाला फ्रान्सचा कायदा रजा म्हणून पैसे देतो, त्याच दिवसाचा आमच्याकडे दंड. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर उरलेली पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या, राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्या बातम्यांत वाचताना पुण्या-मुंबईच्या वाचकांना धक्का बसला. आमच्या भागात तो शब्द लहान मुलांनाही माहीत असतो.

वडील निवृत्त होईपर्यंत त्या गळालेल्या नावांसमोर लाल शाईने 'गै.ह.' लिहायचे नाहीत. पेन्सिलीने 'कारखाना' लिहायचे. मुलं परत आली की पेन्सिल पुसता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली, काही मुलं आजी-आजोबांपाशी राहू लागली. पण उचल राहिली.

म्हैसूरला आल्यावर दसऱ्यात पहिल्यांदा राजवाड्याच्या आवारात हत्तींच्या तळावर गेले तेव्हा मला वडिलांचा हजेरीपट आठवला होता. जंबू सवारीच्या हत्तींचे माहूत आणि कावाडी बायकामुलांसह जंगलातल्या तळांवरून येतात, आणि दसरा होईपर्यंत राजवाड्याच्या आवारातच राहतात. त्यांच्या मुलांसाठी तिथेच तात्पुरती शाळा भरते. तंबूतली शाळा. हत्तींचा आणि माहुतांचा विमा उतरवला जातो. साडेसातशे किलोची अंबारी पाठीवर घेणाऱ्या हत्तीची काळजी शहराला असते, म्हणून त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचीही थोडी होते. हंगामी कामाला दहा लोक बघायला आले की त्यात ओळी वाढतात. चकली सोऱ्यातून पडताना बघायला कोणी येत नाही.

तर अक्का माझ्याकडे उचल मागत होती, आणि मला तो शब्द माझ्या घरात नको होता. मी तिला म्हटलं, "अक्का, दहा टक्के तर तुझेच आहेत. ते कशाला सोडतेस?"

तिने मला आपला हिशेब सांगितला. तोंडी, पण पक्का. मुलाच्या कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता सप्टेंबरात भरायचा असतो. दरवर्षी ती कानातल्या कुड्या नंजनगूडच्या सावकाराकडे ठेवते. दहा हजाराला महिन्याला शेकडा दोन. दिवाळीच्या मजुरीतून कुड्या सोडवते, तोवर दोनशे-चारशे व्याज जातं आणि गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत सणासुदीला कान मोकळे. "तू नंतर जास्त देतेस, ते चांगलंय. पण माझा खड्डा आधी आहे," ती म्हणाली. "तुला नंतर आठवतं. मला आधी लागतं."

हा मुद्दा माझ्या तक्त्यात नव्हता, आणि खरं तर फ्रेंच तक्त्यातही नाही. तिथे सगळ्या रकमा कामाच्या मागून येतात, कारण कामाच्या आधीच्या दिवसांसाठी दुसऱ्या ओळी आहेत. मागच्या कामांचे तास मोजून बेकारीचा भत्ता मिळतो, दवाखाना आहे. आमच्याकडे आधीच्या दिवसांसाठी सावकार आहे किंवा मुकादम आहे. उचल वाईट आहे, हे मला बीडने शिकवलं. ती का घेतली जाते, ते अक्काने दोन वाक्यांत सांगितलं.

त्या रात्री मी १९७६चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा पुन्हा वाचला. नोकरीत असताना कधीतरी त्याच्याशी संबंध आला होता. आगाऊ रक्कम घेतली एवढ्यानेच माणूस वेठबिगार होत नाही. त्या रकमेपायी त्याची दुसरीकडे काम करायची, हवं तिथे जायची, बाजारभावाने आपली मेहनत विकायची मोकळीक जाते, तेव्हा होतो. मग माझ्या लक्षात आलं की मला शब्द टाळायचा नाही, ती मोकळीक राखायची आहे.

दुसऱ्या दिवशी तिघी मिळून बसलो. मी वहीत लिहिलं. दहा हजार आगाऊ, व्याज नाही. रोजच्या मजुरीतून निम्म्याहून जास्त कापायचं नाही, म्हणजे रोज हातात काहीतरी पडलंच पाहिजे. आजारपणाने आली नाही तर खाडा नाही, आणि आजाराने काम पुरं झालं नाही तर उरलेली रक्कम सोडून द्यायची. दहा टक्के ठरल्याप्रमाणे शेवटी, आगाऊ रकमेशी त्यांचा संबंध नाही. अक्का ऐकत होती. मग म्हणाली, "अजून एक लिही. मला दुसरीकडे चांगलं काम मिळालं तर मी जाणार. तुझे पैसे थोडे थोडे आणून देईन. तू माणूस पाठवायचा नाहीस."

ते लिहिताना माझा हात थोडा थांबला. दिवाळीच्या आठ दिवस आधी अक्का निघून गेली तर तीनशे किलो मालाचं काय करायचं? मालकिणीच्या पोटात जो गोळा येतो तो आलाच. पण ते कलम नसेल तर बाकीची चार दानधर्म ठरतात, आणि ते असेल तर व्यवहार ठरतो. लिहिलं. अक्काने त्याच मजकुराची दुसरी प्रत कन्नडमध्ये धाकटीकडून आपल्या वहीत लिहून घेतली. धाकटी दहावीपर्यंत शिकली आहे, अक्षर सुरेख आहे. खाली तिघींच्या सह्या.

आता मुख्य प्रश्न, जो भाचीलाही होता: हे कोणी भरायचं? दोघींचे मिळून जादा ३,९०० रुपये. तीनशे किलोवर वाटले तर किलोमागे तेरा रुपये. चकली ५६० रुपये किलोने जात होती, ती ५७५ केली. वरचे दोन रुपये तेलाच्या नावावर. घेणाऱ्यांना मी भाव का वाढला ते सरळ सांगितलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने भाव उतरवायला सांगितला, नाहीतर घेत नाही म्हणाल्या, आणि खरंच घेतला नाही. बाकीच्यांनी घेतला. एका आजोबांनी विचारलं, "रजेचे पैसे? फराळाला?" मी म्हटलं, हो. त्यांनी एक किलो जास्त सांगितला. त्यावरून समाजाबद्दल काही ठरवू नये, त्यांच्याकडे त्या वर्षी नातवंडं येणार होती.

मी हे भाचीला सांगत होते तेव्हा मला वाटलं, आपण फ्रान्सला फार उंच पाटावर बसवतोय. तिनेच ते खाली उतरवलं. २०२३च्या द्राक्षतोडणीच्या हंगामात शॅम्पेन भागात बाहेरून आणलेल्या मजुरांना राहायला नालायक, घाणेरड्या जागेत कोंबल्याचं उघड झालं, आणि २०२५च्या जुलैत तिथल्या न्यायालयाने मानवी तस्करीच्या गुन्ह्याखाली शिक्षा सुनावल्या. ज्या देशात कागदाला दहा ओळी आहेत तिथेही द्राक्षाच्या मळ्यात मुकादम उभा राहू शकतो. कागदावर ओळ असली की न्यायालयात जाता येतं, एवढंच. आणि एवढंच पुष्कळ असतं, असं मी बीडची म्हणून म्हणेन.

भाचीने शेवटी त्या उन्हाळ्यात एक कॉलेजची मुलगी ठेवली. सगळ्या ओळींसकट. दुकान नफ्यात राहिलं, पण जेमतेम. दुसऱ्या माणसाचा विचार तिने सोडला आणि गालेत अर्ध्या युरोने वाढवला. ऑगस्टअखेर त्या मुलीने २२८ युरो रजेचे घेतले आणि तीन दिवस त्याच किनाऱ्यावर मैत्रिणींबरोबर तंबू ठोकून राहिली. एका दुपारी रांगेत उभी राहून क्रेप विकत घेऊन गेली. भाचीने पैसे नको म्हटलं तर तिने ऐकलं नाही.

आमचा हंगाम ठरल्याप्रमाणे झाला. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, लक्ष्मीपूजन २१ला. अक्का तीस दिवसांपैकी अठ्ठावीस आली; दोन दिवस मनगटाला पट्टी बांधून घरी होती, त्यांचा खाडा धरला नाही. ती दोन्ही दिवस सोऱ्या मी दाबला आणि माझंही मनगट चार दिवस बोललं. आगाऊ रक्कम दिवाळीपर्यंत बहुतेक फिटली. शेवटच्या दिवशी दोघींना दहा टक्के मोजून दिले. अक्काचे तीसच दिवस धरून, अठ्ठावीस नाही, कारण आजारपण रजेतून कापायचं नाही असं आमच्या वहीत लिहिलेलं होतं. तिने पैसे मोजले, कुंकवाच्या बोटांनी पदरात बांधले. कानात कुड्या होत्या.

यात मोठं काही झालेलं नाही, हे मला कळतं. बीडमध्ये कोयते त्या वर्षीही निघाले, म्हैसुरात माझ्यासारख्या घरोघरच्या मालकिणींच्या वहीत अजून एकच ओळ आहे, आणि आमची वही कायदा नाही. उद्या मी काम थांबवलं तर अक्काला तिची प्रत कोणालाही दाखवून काही मागता येणार नाही. फ्रेंच मुलीच्या आणि अक्काच्या कागदात हा फरक राहतोच, आणि तो माझ्या भल्या मनाने भरून निघणारा नाही. त्यासाठी दहा आणि वीसच्या खालच्या माणसांना मोजणारा कायदा लागेल, आणि तेरा रुपये जास्त द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक लागेल. दोन्ही एकदमच लागतील.

तोवर पुढच्या हंगामाचं ठरलं आहे. जानेवारीत दोघी येऊन गेल्या. आमच्या फर्स्ट स्टेजमधल्या योगनरसिंह देवळात वर्षाच्या पहिल्या दिवशी लाडूंचा प्रसाद वाटतात, लाखाच्या वर लाडू, आचाऱ्यांचे ताफे डिसेंबरात बसवून केलेले. त्यातला एक लाडू धाकटीने मला आणून दिला. धाकटीला या वेळी पाच हजार आगाऊ हवेत, शिवणयंत्रासाठी. अक्काला काही नको, ती म्हणाली, मुलाची फी या वर्षी संपते. मग जाता जाता दारात थांबून तिने विचारलं, सहावं कलम घालता येईल का. मी विचारलं, काय? "भाजणीचा भाव वाढला तर आमचाही वाढवायचा," ती म्हणाली.

वही कपाटात आहे. ते कलम अजून लिहायचं आहे. मी आकडे मांडते आहे.